आरसीसीबी काढू नका, ती का पडते ते शोधा

भाऊ, तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. चोपडा तालुक्यातल्या गावात स्लॅबचं नवं घर, सिंगल फेज कनेक्शन, दीड टनाचा एक एसी, पत्र्याचे दोन कूलर, बाथरूमला गिझर, अंगणातल्या बोअरला एक एचपीची मोटर आणि इन्व्हर्टर. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, आठवड्यातून दोन-तीनदा पडते, म्हणून वायरमन म्हणतो ती काढून टाकू. एसीची १६ अँपिअरची एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) मे महिन्यात दुपारी पडते, म्हणून तिच्या जागी ३२ ची बसवू म्हणतो. आणि पुढच्या वर्षी वरचा मजला चढवायचा आहे, तर त्यासाठी आत्ता काय सोडून ठेवायचं.

पहिली दोन्ही कामं करू देऊ नका. आरसीसीबी काढली तर माणूस जाईल, एमसीबी वाढवली तर वायर जळेल. मी जळगाव-भुसावळपासून चोपडा-यावलपर्यंत घरांच्या वायरिंगची कामं केली आहेत. दर उन्हाळ्यात आपल्या पट्ट्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लहान मुलं जातात. अशा घरांत डीबी, म्हणजे हे सगळे स्विच बसवलेली पेटी, बघायला गेलं की बहुतेक ठिकाणी आरसीसीबी एकतर कधी बसवलेलीच नसते, नाहीतर 'सारखी पडते' म्हणून तिच्या वरून खाली थेट वायर मारलेली असते. त्यामुळे हा विषय मी नीट उलगडून सांगणार आहे, थोडा धीर धरून वाचा.

आधी एमसीबी आणि आरसीसीबी यांची कामं वेगळी करू. एमसीबी वायरला वाचवते. वायरमधून तिच्या ताकदीपेक्षा जास्त करंट बराच वेळ गेला, किंवा फेज-न्यूट्रल एकत्र येऊन शॉर्ट झाला, तर ती पडते. माणसाशी तिचा संबंध नाही. माणसाच्या अंगातून ३० मिलिअँपिअरच्या वर करंट काही क्षण गेला तरी हृदय बंद पडायचा धोका सुरू होतो, आणि १६ अँपिअर म्हणजे १६००० मिलिअँपिअर. तुमच्या अंगातून जाणारा करंट एमसीबीला कळतसुद्धा नाही.

आरसीसीबीचं काम निराळं आहे. तिच्या आत एक लोखंडी कडं असतं, त्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी जातात. फेजने जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला तर ती शांत असते. थोडा जरी करंट दुसऱ्या वाटेने गेला, म्हणजे कूलरच्या पत्र्यातून जमिनीत, ओल्या भिंतीत, माणसाच्या अंगातून, तर फेज आणि न्यूट्रलचा हिशोब जुळत नाही आणि ती पडते. घरात ३० मिलिअँपिअरचीच हवी. १०० आणि ३०० ची मिळते, पण ती आगीपासून बचावासाठी असते, माणसासाठी नाही. ३० मिलिअँपिअर गळतीला तिने ०.३ सेकंदाच्या आत पडलं पाहिजे, गळती मोठी असेल तर त्याहून बरंच लवकर. एवढं मात्र लक्षात ठेवा की एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरून कोणी कोरड्या लाकडी पाटावर उभा असेल, तर आरसीसीबीला तो माणूस म्हणजे एक बल्बच वाटतो. ती पडणार नाही. म्हणून ती आहे म्हणून चालू लाईनीत हात घालू नका.

'आमचं अर्थिंग चांगलं आहे, मग आरसीसीबी कशाला?' हे मी हजारदा ऐकलं असेल. इथे आपल्या गावांतली परिस्थिती समजून घ्यावी लागते. डीपीवरून (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून) तुमच्या घरात दोनच वायरी येतात, एक फेज आणि एक न्यूट्रल. न्यूट्रल डीपीजवळ जमिनीत अर्थ केलेला असतो. अर्थची तिसरी वायर खांबावरून येत नाही. अर्थिंगचा खड्डा आपला आपण करायचा. या पद्धतीला टीटी म्हणतात. म्हणजे कूलरच्या पत्र्याला फेज लागला, तर तो करंट तुमच्या खड्ड्यातून मातीत उतरतो, मातीतून डीपीच्या खड्ड्यापर्यंत जातो आणि तिथून न्यूट्रलला मिळतो. मधे तांब्याची वायर नाही, माती आहे.

आता आकडे मांडून बघा. तुमचा खड्डा ५ ओहमचा (ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा, कमी तेवढा बरा), म्हणजे चांगला, आणि डीपीचा २ ओहमचा धरू. २३० भागिले ७, म्हणजे साधारण ३३ अँपिअर. सी कर्व्हची, म्हणजे मोटर-एसीचा सुरुवातीचा झटका सोसणारी, १६ ची एमसीबी झटक्यात पडायला तिच्या पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. ३३ अँपिअरवर ती गरम होऊन पडेल, पण मिनिटभर घेईल. तोवर कूलरचा पत्रा जिवंत. आता तोच खड्डा मे महिन्यात कोरडा पडून २० ओहमवर गेला असं धरा. २३० भागिले २२, म्हणजे साडेदहा अँपिअरसुद्धा नाही. १६ ची एमसीबी कधीच पडणार नाही, आणि पत्र्यावर दोनशेच्या वर व्होल्ट तासन् तास बसून राहतील. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, तरी माणूस जाईल. तिथेच ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असेल, तर खड्डा १०० ओहमचा असला तरी पत्र्यावर ३ व्होल्टच्या वर ती काही टिकू देत नाही, लगेच पडते. आपल्याकडे अर्थिंग आणि आरसीसीबी ही जोडी आहे. एक असली म्हणून दुसरी नको, असं चालत नाही.

खड्ड्याबद्दल बोलतो, कारण खान्देशातली माती यात फार मोठा भाग घेते. तापीकाठची काळी माती पावसाळ्यात अर्थिंगला उत्तम. ओल धरते, फुगते, पाइपला घट्ट चिकटते. पण हीच माती एप्रिल-मेमध्ये आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाइपाभोवती पोकळी होते. पावसाळ्यात मोजलेलं रीडिंग दाखवून कोणी समाधान करत असेल तर मानू नका. अर्थ टेस्टरने मोजायचं ते मे महिन्यात. सातपुड्याच्या पायथ्याकडे, यावल-रावेरच्या वरच्या अंगाला, तर दगडगोटे आणि मुरूम लागतो आणि पाणीही खोल. तिथे एका खड्ड्यावर विसंबू नये, दोन खड्डे करून जोडावेत. दोघांत निदान एका पाइपाच्या लांबीइतकं अंतर ठेवा, नाहीतर दुसऱ्याचा फायदा मिळत नाही.

घरासाठी ३८ मिलिमीटरचा जीआय पाइप, अडीच मीटर लांब, पायापासून निदान दीड मीटर दूर. तोंडाला नरसाळं आणि वर झाकण असलेला छोटा हौद, म्हणजे उन्हाळ्यात पाणी ओतता येतं. जागा मोरीच्या किंवा बाथरूमच्या पाण्याच्या वाटेवर निवडली तर माती आपोआप ओली राहते. कोळसा आणि मीठ भरायची जुनी पद्धत चालते, पण मीठ जीआय पाइप खातं. काही वर्षांनी उकरून बघावं लागतं. बेंटोनाइट (ओल धरणारी एक चिकणमाती) भरलं तर ओल जास्त टिकते आणि पाइपही टिकतो. पाइपापासून डीबीपर्यंत आठ नंबरची जीआय तार किंवा तांब्याची वायर अखंड हवी, मधे पीळ देऊन जोड नको. आणि कोणाच्याही सांगण्यावरून सॉकेटमधला अर्थचा खुंट न्यूट्रलला जोडून घेऊ नका. 'अर्थिंग नाही ना, मग न्यूट्रल लूप करून देतो' असं करणारे वायरमन आहेत. ज्या दिवशी खांबावर किंवा मीटरजवळ न्यूट्रल सुटेल, त्या दिवशी फ्रिज, कूलर, वॉशिंग मशीन, सगळ्यांच्या पत्र्यावर एकदम फेज येईल.

आता डीबी. मीटरपर्यंतचं सगळं महावितरणचं, त्याच्या सीलला हात लावायचा नाही. मीटरनंतरचं आपलं. तिथून दोन वायरी डीबीत येतात. पहिला डबल पोल आयसोलेटर किंवा डबल पोल एमसीबी, फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारी. तिच्यानंतर आरसीसीबी. मग बसबारवरून (सगळ्या एमसीबींना फेज देणाऱ्या पट्टीवरून) एकेका सर्किटची एमसीबी. खाली एका बाजूला न्यूट्रल लिंक, म्हणजे सगळे न्यूट्रल जोडायची पट्टी, दुसऱ्या बाजूला तशीच अर्थ लिंक. या दोन लिंक डीबीच्या आत कुठेही एकमेकांना जोडायच्या नाहीत. आरसीसीबी स्वतः ओव्हरलोडला पडत नाही, म्हणून तिचा अँपिअरचा आकडा वरच्या एमसीबीपेक्षा कमी नको. वर ३२ ची डबल पोल असेल तर ४० ची आरसीसीबी ठीक.

माझं मत असं की तुमच्यासारख्या घरात एक नाही, दोन आरसीसीबी हव्यात. पहिलीवर पाण्याशी संबंध येणारं सगळं: गिझर, बोअरची मोटर, कूलरचे सॉकेट, वॉशिंग मशीन, अंगणातला बोर्ड. दुसरीवर दिवे, पंखे, टीव्ही, फ्रिज, एसी. रात्री कूलरमुळे एक पडली तरी घर अंधारात जात नाही. अंधार होत नसला की घरच्यांचा आरसीसीबीवरचा रागही कमी होतो आणि ती काढायचा विचार कोणाच्या मनात येत नाही. पैशाची अडचण नसेल तर कूलर आणि गिझरला प्रत्येकी आरसीबीओ लावा. त्यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही कामं एकाच तुकड्यात होतात आणि दोष असलेलं सर्किट तेवढंच पडतं.

दोन आरसीसीबी लावल्या की दोन न्यूट्रल लिंक लागतात, आणि खरा गोंधळ इथे होतो. ज्या आरसीसीबीतून फेज गेला, तिच्याच लिंकवर त्या सर्किटचा न्यूट्रल परत आला पाहिजे. फेज एकीचा आणि न्यूट्रल दुसरीचा झाला, की दोघींचा हिशोब चुकतो आणि दोघी पडतात. तुमच्याकडे आरसीसीबी एकच आहे असं तुम्ही लिहिलं आहे, पण तिच्या आधीच्या न्यूट्रलवर एखादं सर्किट जोडलं गेलं असेल, तर तिथेही हेच होतं. आणि माझा पहिला संशय तुमच्या इन्व्हर्टरवर आहे.

आपल्याकडे इन्व्हर्टर बसवणारा वेगळा माणूस येतो. तो इन्व्हर्टरची फक्त फेज ओढतो, प्रत्येक बोर्डात दोन दिवे आणि एक पंखा तिच्यावर टाकतो आणि न्यूट्रल बोर्डातला जो हाताला लागेल तो वापरतो. आरसीसीबी नसलेल्या घरात हे वर्षानुवर्षं चालतं, कोणाला कळत नाही. आरसीसीबी असली की लाईट गेल्यावर किंवा आल्यावर, इन्व्हर्टर बदल करतो त्या क्षणी ती पडते. गावात 'लाईट उनी' अशी आरोळी उठते आणि तुमच्या घरात अंधारच. तुमच्या आरसीसीबीच्या पडण्याच्या वेळा लिहून ठेवा. लाईट येण्या-जाण्याशी त्या जुळत असतील तर दोष तिथेच. उपाय म्हणजे इन्व्हर्टरवरच्या दिव्या-पंख्यांचा न्यूट्रलसुद्धा वेगळा ओढून इन्व्हर्टरच्या आउटपुटच्या वेगळ्या लिंकवर आणायचा. त्या आउटपुटला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि छोटी डीबी द्या, आणि इन्व्हर्टरचा इनपुट मुख्य आरसीसीबीच्या आधीच्या बाजूने, स्वतःच्या डबल पोल एमसीबीतून घ्या. वायर जास्त लागते, पण बॅटरीवर चालतानाही घरच्यांना संरक्षण मिळतं. शॉक लागायचा तो इन्व्हर्टरवरही लागतो, हे लोक विसरतात.

दुसरी नेहमीची जागा म्हणजे जिना. जिन्याच्या दिव्याला खाली एक स्विच, वर एक स्विच. वायर वाचवण्यासाठी फेज खालच्या सर्किटचा आणि न्यूट्रल वरच्या सर्किटचा घेतात. वरचा मजला चढवताना तुमच्याकडे हे नक्की होईल, आधीच बजावून ठेवा.

तिसरं कारण म्हणजे खरी गळती, ज्यासाठी आरसीसीबी बसवलेलीच असते. गिझरची कॉइल क्षार साचून तडकते. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, त्यामुळे हे लवकर होतं. कूलरच्या छोट्या पंपाची सील जाते. बोअरमधल्या सबमर्सिबल केबलच्या जोडात पाणी शिरतं. अंगणातल्या बोर्डात पहिल्या पावसात पाणी, मुंग्या, पाल. बोर्डाच्या स्क्रूखाली चिरडलेली वायर, फोटो लटकवायला ठोकलेला खिळा. चौथं कारण कमी लोकांना माहीत असतं: कॉम्प्युटर, इन्व्हर्टर एसी, एलईडी टीव्ही या वस्तू चांगल्या असूनही प्रत्येकी थोडा करंट अर्थला सोडतातच. ३० ची आरसीसीबी १५ च्या वर कुठेही पडू शकते. अशा अनेक वस्तू एकाच आरसीसीबीवर आल्या की ती काठावर उभी राहते. दोन आरसीसीबी करायचा हाही फायदा.

शोधायचं कसं? सगळ्या एमसीबी पाडा आणि आरसीसीबी चढवा. मग एकेक एमसीबी चढवत जा. ज्या एमसीबीला ती पडेल त्या सर्किटमध्ये दोष. त्या सर्किटवरच्या वस्तूंच्या पिना काढा आणि एकेक लावून बघा. बहुतेक वेळा कूलर किंवा गिझर हाती लागतो. पण एक खोच आहे. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. न्यूट्रल कुठे अर्थला टेकला असेल तर त्या सर्किटची एमसीबी पाडूनही आरसीसीबी पडत राहील. आधी आरसीसीबीच्या खालच्या सगळ्या वायरी सुट्या करून ती एकटी टिकते का ते बघा. टिकली तर लाईन बंद करून लिंकवरचे न्यूट्रल सोडवा, प्रत्येकाला चिठ्ठी लावा आणि एकेकाचा अर्थशी मेगर (वायरचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून बघा. ५०० व्होल्टच्या मेगरवर निदान १ मेगाओहम आलंच पाहिजे. मेगर लावताना घरातल्या सगळ्या वस्तू काढलेल्या हव्यात, नाहीतर टीव्ही आणि एसीचे कार्ड जातील. हे काम परवानाधारक वायरमननेच करायचं. तुमचं काम एवढंच की त्याने मेगर आणला आहे की नुसता टेस्टर, ते बघणं. नुसत्या टेस्टरने न्यूट्रलची गळती सापडत नाही. कूलर, गिझर, मोटर आणि एसी यांना डबल पोल एमसीबी दिली तर पुढच्या वेळी शोधणं सोपं जातं, आणि दुरुस्तीच्या वेळी दोन्ही वायरी मेलेल्या असतात.

आता एसीची एमसीबी. दीड टनाचा एसी ७ ते ८ अँपिअर घेतो. १६ ची एमसीबी त्याला पुरून उरते. मग पडते का? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. एमसीबी ३० अंश तापमान धरून बनवलेली असते. पश्चिमेच्या भिंतीत, लोखंडी डीबीच्या आत, शेजारी दुसरी भरलेली एमसीबी असताना दुपारी तीनला ५० अंश सहज होतात. तिथे १६ ची एमसीबी १४-१५ सारखी वागते. त्यात दुपारी व्होल्टेज १६० वर. स्टॅबिलायझर एसीला २३० देतो, पण त्यासाठी मागून करंट जास्त ओढतो: ८ च्या जागी साडेअकरा. त्याच सर्किटवर बेडरूमचा कूलर किंवा इस्त्रीचा सॉकेट असला की हिशोब पूर्ण. स्टॅबिलायझर नसेल तर कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, तो गुरगुरत मोठा करंट ओढतो आणि एमसीबी पडते. शेवटचं कारण म्हणजे ढिला स्क्रू. एमसीबीच्या तोंडाशी वायर काळी पडली असेल, प्लॅस्टिक पिवळं झालं असेल, तर उष्णता तिथूनच येते. आधी स्क्रू आवळा, मग दुपारी क्लॅम्प मीटर लावून खरा करंट मोजा.

३२ ची एमसीबी का नाही, तेही आकड्याने सांगतो. एसीला २.५ स्क्वेअर एमएमची वायर ओढलेली असेल, तर पाइपमधून गेलेली ती वायर ३० अंशांत २४ अँपिअर सोसते, ५० अंशांत जेमतेम १७. त्यावर ३२ ची एमसीबी म्हणजे वायर भाजत राहील आणि एमसीबी स्वस्थ बसेल. भिंतीत आग लागली की कळेल. एमसीबी वायरच्या मापावरून ठरते, वस्तूवरून नाही. खान्देशच्या उन्हाळ्यासाठी मी असं धरतो: १.५ स्क्वेअर एमएमला १० अँपिअर, २.५ ला १६, ४ ला २०, ६ ला २५. सगळं तांब्याचं, आयएसआय मार्कचं. एकाच पाइपात चार-पाच सर्किटं कोंबली तर हे आकडे आणखी खाली येतात. एसीला ४ ची वायर, स्वतंत्र सर्किट, २० ची सी कर्व्ह एमसीबी. तुमच्या भिंतीत २.५ च असेल तर १६ ठेवा, बाकी लोड तिच्यावरून काढा आणि डीबीत तिच्या शेजारची एक जागा रिकामी सोडा. शक्य असेल तर डीबीच सावलीच्या भिंतीवर हलवा.

गिझर दोन किलोवॅटचा असेल तर पावणेनऊ अँपिअर, तीन किलोवॅटचा इन्स्टंट असेल तर १३. दोघांनाही ४ ची वायर दिलेली बरी. दिव्या-पंख्यांच्या एका सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॉटच्या वर जाऊ नका. स्वयंपाकघराला वेगळं पॉवर सर्किट हवंच. मिक्सर, ओव्हन, इंडक्शन एकाच सॉकेटच्या आजूबाजूला येतात, आणि १६ अँपिअरचे दोनच सॉकेट एका सर्किटवर ठेवायचे. लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ हे रंग शेवटच्या बोर्डापर्यंत पाळायला लावा. हिरवी वायर संपली म्हणून काळ्या वायरने अर्थ ओढला, की दहा वर्षांनी येणाऱ्या दुसऱ्या वायरमनच्या जिवावर बेततं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण गावात ती वारंवार होते. डीपीवर किंवा खांबावर मुख्य न्यूट्रल तुटला, की दोन वेगळ्या फेजवरची घरं ४०० व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखी होतात. ज्याच्या घरात लोड कमी, त्याच्या घरात व्होल्टेज जास्त चढतं. एकाच रात्रीत गल्लीतले टीव्ही, फ्रिज, एलईडी जळतात ते यामुळे. याला ना एमसीबी उपयोगी, ना आरसीसीबी. डीबीत आयसोलेटरनंतर बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर मिळतो. साधारण २७० व्होल्टच्या वर आणि ठरवलेल्या खालच्या आकड्याच्या खाली तो लाईन तोडतो, आणि स्थिर झाली की थोड्या वेळाने आपोआप जोडतो. आपल्या फीडरचा स्वभाव बघता मी तो हल्ली प्रत्येक घरात सुचवतो. दिवे एकदम झगझगीत आणि पंखे जोरात झाले तर आधी मेन बंद करा, मग महावितरणला कळवा.

मीटरजवळचा जोडही बघून घ्या. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमची, घरातली तांब्याची. या दोन धातूंना नुसता पीळ देऊन टेप मारली तर जोड झिजतो, ढिला होतो, तापतो. तिथे बायमेटल लग किंवा योग्य कनेक्टर हवा. मीटरच्या आधीचा असेल तर महावितरणच्या माणसाकडूनच करून घ्या.

आता वरचा मजला. खालच्या डीबीतून वरच्या खोल्यांना सुट्या सुट्या वायरी नेऊ नका. वर स्वतंत्र डीबी, तिला खालून फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशी १० स्क्वेअर एमएमची सबमेन (डीबीतून डीबीला जाणारी मोठी लाईन), आणि खालच्या बाजूला तिच्यासाठी डबल पोल एमसीबी. ही एमसीबी खालच्या आरसीसीबीच्या आधी जोडायची आणि वरच्या डीबीत वरची आरसीसीबी ठेवायची, म्हणजे वरचा दोष खालच्या घराला त्रास देणार नाही. त्यासाठी आत्ताच दोन पाइप जिन्याच्या भिंतीतून स्लॅबच्या वर काढून, तोंडं बंद करून ठेवा. एक ३२ मिलिमीटरचा सबमेनसाठी, दुसरा २५ चा जिन्याच्या दिव्यासाठी. पुढे सोलर बसवायचा विचार असेल तर गच्चीपासून मीटरपर्यंत तिसराही सोडा. सोलरला स्वतःचे अर्थिंगचे खड्डे लागतात, त्यांची जागा अंगणात धरून ठेवा, नंतर फरशी फोडायची वेळ येते. वर दुसरा एसी येणार असेल तर एकूण लोडचा हिशोब करून परवानाधारक ठेकेदारामार्फत मंजूर भार वाढवून घ्या, किंवा थ्री फेज मागा. थ्री फेज घेतलं तर प्रत्येक फेजला स्वतंत्र आरसीसीबी आणि स्वतंत्र न्यूट्रल लिंक असलेली डीबी घ्या, आणि दोन एसी दोन वेगळ्या फेजवर टाका.

वायरमन पुढच्या वेळी आला की सुरुवात इन्व्हर्टरच्या न्यूट्रलपासून करायला सांगा. तोपर्यंत आरसीसीबी पडली तर चढवा, परत पडली तर कूलर आणि गिझरच्या पिना काढून चढवा. कूलरमध्ये पाणी भरताना पिन काढूनच भरा. आणि महिन्यातून एकदा आरसीसीबीवरचं टेस्टचं बटन दाबा. दाबल्यावर ती पडली नाही तर त्याच दिवशी बदलून घ्या.